दाजी, तुमचा शोकप्रस्ताव मंजूर झाला आहे

उत्तरेश्वर पेठ, कोल्हापूर
मंगळवार, श्रावण शुद्ध दशमी

तीर्थस्वरूप दाजींच्या चरणी धाकट्या मेहुणीचा, म्हणजे वर्षाराणीचा, साष्टांग नमस्कार.

आपली प्रकृती कशी आहे? आजवरच्या प्रत्येक पत्रात हा प्रश्न मी रिवाजाने लिहिला आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या ओळीवर गेले. या वेळी तसं नाही. या वेळी पेठेतली निदान चारशे माणसं या उत्तराकडे डोळे लावून बसली आहेत आणि उत्तर ‘बरी आहे’ असं आलं, तर त्यातल्या बऱ्याच जणांची पंचाईत होणार आहे. तेव्हा जेवण जातं का, डावा गुडघा काय म्हणतो, गगनबावड्याच्या ओल्या हवेत खोकला वाढला का, हे सविस्तर आणि स्वतःच्या अक्षरात कळवावे. (अक्षर स्वतःचंच हवं. इथं आता पुरावा लागतो.) इकडे सर्व क्षेम आहे. फक्त आपल्या कला केंद्राने परवाच्या रविवारी तुमची शोकसभा घेतली. सभा चांगली झाली.

तुम्ही रागावण्याआधी मला सुरुवातीपासून सांगू द्या. केंद्राचं वर्ष नारळी पौर्णिमेला संपतं आणि त्या दिवशी वर्धापनदिनाला चिटणिसाने उभं राहून वार्षिक अहवाल वाचायचा असतो, हे तुम्हाला माहीत आहे. चिटणीस अजून मीच आहे. (हे पद कुणी मागत नाही आणि मला सोडता येत नाही.) काल अहवाल लिहायला बसले आणि ‘शोकप्रस्ताव’ या मथळ्याखाली तुमचं नाव लिहिताना पेन थांबलं. म्हणून अहवाल बाजूला ठेवून हे पत्र लिहीत आहे. आठ वर्षांपूर्वी ब्रशांची पेटी काखेत मारून तुम्ही केंद्राचा जिना उतरलात आणि शेवटच्या पायरीवर वळून म्हणालात, “मी जिवंत असेपर्यंत ह्या जिन्याची पायरी चढणार नाही.” रंगवलेले पडदे काढून एलईडीचा पडदा लावायचा ठराव त्या दिवशी झाला होता. तुमच्या जागी दुसरा असता तर चार गल्ल्या सोडून राहिला असता. तुम्ही पेंटर असून थेट अशा गावी जाऊन राहिलात जिथं जूनमध्ये दिलेला रंग दसऱ्याला वाळतो. तुमचा शब्द मोडायला लावणं मेहुणीला शोभत नाही, म्हणून आठ वर्षांत मी तुम्हाला एकदाही ‘या’ म्हटलं नाही. (दुसरीही कारणं होती. ती राहू देत.)

तर वर्ष असं गेलं. दिवाळी पहाटेला गाणं ठेवलं. वर आपलं सभागृह आणि खाली तालीम, त्यामुळे तालमीतल्या पोरांना तेवढा दिवस विश्रांती घ्या म्हणून सांगायला मी स्वतः गेले. ती “व्हय मावशी” म्हणाली आणि नेहमीच्या वेळेला मातीत उतरली. बाई विलंबितात असताना खालून कुणीतरी शड्डू ठोकला. तो इतका नेमका समेवर पडला की तबलजींनी मान हलवून दाद दिली. पुढच्या आवर्तनाला सगळं सभागृह शड्डूची वाट बघत होतं आणि तो आला नाही. बाईंनी ते मनाला लावून घेतलं. फेब्रुवारीत युवक एकांकिका स्पर्धा झाली. अकरा संघ आले. नऊ एकांकिकांत बाप वाईट होता आणि ते नऊही बाप पहिल्या दोन रांगांत बसून मोबाइलवर शूटिंग करत होते. एका नाटकात जंगलाचा प्रवेश होता. एलईडीवर जंगल आलं, पण त्यात हत्तींच्या मागे बर्फाचे डोंगर होते आणि राजकन्या वनवासात टाहो फोडत असताना तिच्या डोक्यावर लॅपटॉपची बॅटरी संपत आल्याची सूचना झळकली. परीक्षकांनी त्याला प्रतीक समजून नेपथ्याचं बक्षीस दिलं. मे महिन्यात मुलांचं मातीकामाचं शिबिर घेतलं. साठ मुलांनी साठ बैल केले. मग पालक न्यायला आले, त्यांनी थांबून आपापल्या मुलाचा बैल सुधारला आणि शेवटी साठही बैल एकाच गोठ्यातले दिसू लागले.

रविवारचा चित्रकलेचा वर्ग मात्र तुम्ही गेल्यापासून मास्तराविना आहे. तो कोण चालवतं, सांगू? मेहक. ताजबींची नात. आठ वर्षांची असताना तुम्ही तिला महिनाभर नुसते ब्रश धुवायला लावले होतेत आणि ताजबी तुमच्याशी भांडायला आल्या होत्या, ती. आता सोळा वर्षांची आहे आणि लहान मुलांना महिनाभर ब्रश धुवायला लावते. त्यांच्या आया माझ्याशी भांडायला येतात.

याच मेहकच्या हातून, तिचा काडीचा दोष नसताना, पुढचं सगळं घडलं. वर्षातला शेवटचा कार्यक्रम म्हणून नागपंचमीला ‘आमचे गुरू’ नावाचं तरुण मुलांचं प्रदर्शन ठेवलं होतं. प्रत्येकाने आपल्या गुरूचं चित्र काढायचं. बहुतेकांनी क्लासवाले सर काढले, एकाने जिमवाला काढला. मेहकने तुम्हाला काढलं. नुसत्या आठवणीवरून, कोळशाने, पुरुषभर उंचीचं. रंगात का नाही, असं मी विचारलं तर म्हणाली, “सरांनी मला पेन्सिलच दिलती. रंग द्यायचं ऱ्हायलं.” चित्र एवढं जिवंत उतरलं की ते इतरांच्या रांगेत लावणं बरं दिसेना. म्हणून काळ्या चौकटीत घालून दारासमोरच्या टेबलामागे उभं केलं. आता तुम्हीच डोळ्यांसमोर आणा. टेबलावर पांढरी चादर, चादरीवर पेटलेली समई, नारळ, उदबत्ती, तबकात एक टपोरा हार आणि मागे काळ्या चौकटीत तुम्ही, काळेपांढरे. हार नटराजाच्या मूर्तीसाठी आणला होता. मूर्ती आपले अध्यक्ष विजयसिंह यांनी पॉलिशला म्हणून नेली होती आणि ती पॉलिशवाल्याकडेच होती.

प्रमुख पाहुणे म्हणजे एक माजी सभापती. नाव लिहीत नाही, कारण तुम्ही त्यांना ओळखता आणि ते तुम्हाला ओळखत नाहीत. या गृहस्थांनी आयुष्यात दोनेक हजार उद्घाटनं केली असतील. टेबल दिसलं की हार उचलायचा आणि चौकटीला घालायचा, एवढं त्यांच्या हातांना डोक्याला न विचारता येतं. त्यांनी तो घातला. दोन पावलं मागे सरले, चपला काढल्या, हात जोडले आणि डोळे मिटले. मागच्या साठ-सत्तर लोकांनीही चपला काढल्या. मी त्या वेळी मागे खुर्च्यांवरून भांडत होते. शांतता कसली म्हणून पुढे आले, तर तुमच्या गळ्यात झेंडू आणि निशिगंध. कुणीतरी हुंदका दिला. पाहुण्यांनी तेवढ्यात चित्राखालच्या पट्टीवरचं नाव वाचून घेतलं आणि भाषणाची सुरुवातच “ज्यांच्या जाण्याने ही पेठ पोरकी झाली” अशी केली. मी पुढे होऊन हार काढायला लागले तर चार बायकांनी माझा हात धरला. एकदा घातलेला हार असा कुणी काढतं होय, म्हणाल्या.

एकटी बनाबाई, आपली झाडलोट करणारी, केरसुणी हातात धरून लांबून चित्र बघत होती. ती म्हणाली, “ह्ये मास्तर न्हवंत. मास्तर डावरं हायत. ह्येच्या तर उजव्या हातात बुरुश हाय.” आणि खरंच होतं. मेहक लहानपणी तुमच्यासमोर बसून तुमच्या डाव्या हाताची नक्कल आपल्या उजव्या हाताने करायची आणि आठवणीतून काढताना तिने तोच उजवा हात काढला होता. सत्तर शोकाकुलांत एकाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. बनाबाईने शेवटपर्यंत तुमचं मरण मान्य केलं नाही. उजव्या हाताचा कुणी मेला असेल तर तिची हरकत नव्हती.

दहा मिनिटांत पेठेच्या ग्रुपवर हारासकट फोटो गेला आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग लागली. दुपारी चौकात फ्लेक्स उभा राहिला. तुम्ही मध्यभागी, ढगात, भोवती कबुतरं, आणि खाली ‘शोकाकुल’ म्हणून बावीस तरुणांचे फोटो. त्यातले निम्मे गॉगल लावून आहेत. माझ्या घरी तीन घरांतून पिठलं-भाकरी आली. जी येई ती दारातच विचारी, “कधी गेले गं? सांगितलंसुदीक न्हाईस?” आणि इथं, दाजी, मला जे लिहायचं आहे ते स्वतःशी कबूल करायलाच चार दिवस लागले. मला छातीठोकपणे ‘गेलेले नाहीत’ असं सांगता येईना. मी तुमच्याशी शेवटचं कधी बोलले, हे बोटांवर मोजायला लागले आणि हिशेब पावणेदोन वर्षांवर गेला. पावणेदोन वर्षांत माणसाचं काहीही होऊ शकतं. तुमच्यामागे मूलबाळ नाही, माझी आक्काही आता नाही. कळवायचं झालं तर मला, आणि मलाच माहीत नाही. फोन लावला तर ती यंत्रातली बाई म्हणे, आपण ज्या व्यक्तीशी संपर्क करू इच्छिता ती संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. दिवसातून वीस वेळा हेच, त्याच गोड आवाजात. तिलाही ग्रुपवर घेतलं होतं की काय कोण जाणे. शुक्रवार-शनिवार रस्त्यावर पाणी आलं म्हणून गगनबावड्याच्या एसट्या बंद. मी भाकरी खाल्ली. आधी नुसती खाल्ली, मग रडू आलं.

विजयसिंहांना म्हटलं, सभा दोन दिवस थांबवा, मी खात्री करते. ते गंभीरपणे म्हणाले, “वर्षाताई, पेपरात दिलंय. मास्तर असले तर चांगलंच हाय की. नसले तर सभा झाल्याली बरी.” अध्यक्षांच्या या म्हणण्यात चूक काढणं मला जमलं नाही. रविवारी सकाळी पहिली गाडी सुटली तेव्हा स्टँडवर जाऊन कंडक्टरच्या हाती चिठ्ठी दिली. खूप लिहायचं होतं. लिहिलं एवढंच, “दाजी, आहात ना? – वर्षा.”

सभेला चारशे माणसं आली. तुमच्या हयातीत केंद्राच्या एकाही कार्यक्रमाला एवढी गर्दी मी पाहिलेली नाही. (तुमच्या हयातीतच आली, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.) मागे एलईडीवर तुमचा फोटो लावायचा बेत होता. दोन मिनिटं शांतता पाळायला सगळे उभे राहिले, माना खाली गेल्या आणि पडद्यावरचा तुमचा चेहरा जाऊन तिथं निळ्या प्रकाशात अक्षरं आली, ‘नो सिग्नल’. चारशे माणसं त्या दोन शब्दांसमोर हात जोडून उभी. कुणाला हसताही येईना. शेवटी मागून बनाबाई ओरडली, “आरं वरचा सोडा की त्यो! मास्तरांचा सोडा!” तालमीतल्या दोन पोरांनी वर गुंडाळून ठेवलेल्या पडद्याचा दोर सोडला.

आणि आठ वर्षांनी तुमचं जंगल खाली आलं. आधी धूळ आली, मग चिमणीच्या घरट्यातल्या काड्या आल्या, मग झाडं. दाजी, आम्ही विसरलो होतो. तो हिरवा कुठल्याही डबीत मिळत नाही. पानांआडून येणारं ऊन, पाणवठ्याकडे उतरणारी वाट आणि त्या पाणवठ्याशी घागर घेऊन बसलेली ती पाठमोरी बाई. दोन मिनिटांची शांतता किती वेळ चालली मला माहीत नाही. संपली म्हणून कुणी सांगितलंच नाही आणि कुणी खाली बसलंही नाही. मग विजयसिंह माइकपाशी गेले. त्यांच्या हातात लिहिलेलं भाषण होतं, ते त्यांनी खिशात घातलं. “हा पडदा काढला, ती माझी चूक. मास्तर माझ्यामुळं गेले,” एवढंच म्हणाले आणि सहा फुटी माणूस चारशे लोकांसमोर ढसाढसा रडला. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसले होते. सगळ्यांना वाटलं, दुःखाने.

त्यानंतर शोकप्रस्ताव वाचला गेला, एकमताने मंजूर झाला, आणि नेमका त्याच वेळी खाकी कपड्यातला कंडक्टर काखेत छत्री घेऊन दारात आला. हारातल्या चित्राकडे बघून त्याने शेजारच्याला विचारलं, “ह्येंस्नी काय झालं?”

“गेले.”

“कुटं गेले? सकाळी माझ्या गाडीपाशी आलते की! पेपर घेतला, दोन दिस गाडी का न्हाई म्हनून मला शिव्या दिल्या. ही बघा त्येंची छत्री.”

मुठीवर सात रंगांचे डाग असलेली काळी छत्री कोल्हापुरात दुसरी नाही. मेहक चित्राकडे धावली आणि रडत-हसत म्हणू लागली, “आता हात बदलाय पायजे, आता हात बदलाय पायजे.” बनाबाईने सगळ्यांकडे असं बघितलं की मला ते लिहिता येणार नाही. पण बाकीच्या सभेत आनंद पसरला, असं मी अहवालात लिहिलं तर ते खोटं होईल. आधी गोंधळ पसरला, मग थोडी नाराजी. कुणीतरी म्हणालंच, “आमी दुकान बंद करून आलावं.” सभापतींनी आपलं भाषण मुद्द्यांना धरून होतं, असं मत दिलं. विजयसिंहांनी डोळे पुसून मला हळूच विचारलं, “मग ठरावाचं कसं?” मी घटना काढून पाहिली. आपल्या घटनेत शोकप्रस्ताव करण्याची तरतूद आहे, मागे घेण्याची नाही. त्याला सर्वसाधारण सभा लागते आणि ती वर्धापनदिनानंतर. चौकातल्या पोरांचा प्रश्न त्यांनीच सोडवला. फ्लेक्स पंधरा दिवसांसाठी लावला आहे म्हणून तो काढायला नकार देऊन त्यांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’वर ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ अशी पट्टी चिकटवली आणि ‘शोकाकुल’वर ‘शुभेच्छुक’. कबुतरं तीच आहेत. तुमचा वाढदिवस कधी असतो हे कुणालाच माहीत नसल्याने तारखेवरून वाद झाला नाही.

कंडक्टरला मी जिन्यात गाठलं आणि चिठ्ठीचं विचारलं. तो म्हणाला, “दिली की. पेपरात घालून दिली.” तुम्ही रोज पहिल्या गाडीपाशी कोल्हापूरचा पेपर घ्यायला येता आणि उभ्या उभ्या आधी ‘आजचे कार्यक्रम’ वाचता, हेही त्याने सांगितलं. म्हणजे दिवाळीचं गाणं, एकांकिका, शिबिर, सगळं तुम्हाला ठाऊक होतं, आणि मी वर उगीच दोन पानं लिहिली. म्हणजे रविवारचंही तुम्ही वाचलंत. सायंकाळी पाच, केंद्राचं सभागृह, शोकसभा, खाली तुमचं नाव. “एक डाव वाचलं, दुसऱ्यांदा वाचलं,” तो म्हणाला. “मग चिठ्ठी बघितली. आन् छत्री गाडीच्या पायरीवर ठेवून पावसातनं चालत गेले.” विसरले की पाठवली, असं मी चारदा विचारलं. त्याला सांगता येईना.

दाजी, माफी मागायची तर कशाकशाची मागू? तुमच्या जाण्याची बातमी आम्ही तुम्हाला पेपरातून दिली. पण माणसं खोटं रडली नाहीत, एवढं माझ्यावर विश्वास ठेवून मान्य करा. मोठ्यांस नमस्कार लिहायचा तर तिकडे तुम्हीच मोठे आहात आणि लहानांस आशीर्वाद लिहायचा तर लहान कुणी नाही. तेव्हा तुम्हालाच दोन्ही.

आपली, अजून सर्वांशी भांडून असलेली,
वर्षाराणी

ता. क. पडद्याला उंदरांनी एका जागी खाल्लं आहे. नेमकी त्या बाईच्या हातातली घागर गेली आहे. बाई शाबूत आहे. येत्या रविवारी, पौर्णिमेला, मुलांचं नाटक त्याच पडद्यासमोर करायचं ठरलं आहे (एलईडी विजयसिंहांनी स्वतः उतरवला). मेहकला म्हटलं, तेवढी घागर तू रंगव. ती म्हणते, “मी हात लावणार न्हाई. सर रंग देतील तवा.” आता नीट वाचा. केंद्राच्या दप्तरी तुम्ही पौर्णिमेपर्यंत मृत आहात. ठराव एकमताचा आहे आणि तो मी कायम ठेवला आहे. तुमची शपथ जिवंत असेपर्यंतची होती. म्हणजे या रविवारी तुम्ही जिना चढलात तर शब्द मोडत नाही. मी घटना दोनदा तपासली आहे.

ता. क. २. विजयसिंह ज्या चुकीपायी रडले, ती त्यांची नव्हती. पडदे काढायची सूचना माझी होती. त्यांनी फक्त ती मांडली आणि आठ वर्षांत एकदाही माझं नाव घेतलं नाही. ती पाठमोरी बाई आक्का आहे, हे तुम्ही कुणाला सांगितलं नव्हतंत, पण अंबाड्यावरून मला कळायचं. आक्का गेल्यावर दर प्रयोगाला पडद्यावरची ती माझ्याकडे पाठ करून बसायची आणि मला पहिल्या रांगेतून उठता यायचं नाही. तुम्हाला मात्र ती तेवढ्या एका पडद्यावरच भेटत असेल, हे माझ्या तेव्हा डोक्यात आलं नाही. येऊन मला वाटेल ते बोला. पण येऊन बोला.

ता. क. ३. हे पत्र त्याच कंडक्टरच्या हाती देत आहे. छत्री देत नाही. ती जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीपाशी खिळ्याला टांगली आहे.